नाक मुरडत केलेला मोठा फेरा

मित्रांनो, मला किळस फार लवकर येते. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे माझी कुरकुर ऐकून तुम्ही दचकणार नाही. गाडीच्या मागे जोडून गावोगाव ओढत न्यायचे चाकांवरचे घर तुम्ही चित्रात पाहिले असेल. कॅरव्हॅन म्हणतात तिला. मी तीच. आता माझे वय झाले आहे. छताच्या सांध्यातून पाणी झिरपते आणि दाराची कडी दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. माझ्या पोटात एक पलंग आहे, शेगडी आहे, छोटा फ्रिज आहे, समोरासमोर दोन बाके आहेत आणि मागच्या कोपऱ्यात, दाराआड, एक चिंचोळी न्हाणी आहे. त्या न्हाणीत संडासाचे पांढरे भांडे आहे. माझी कहाणी त्या भांड्यापाशी येऊन अडते. आत्ताच नाक मुरडावेसे वाटत असेल तर खुशाल मुरडा. मीही आयुष्यभर तेच केले.

माझा जन्म मेलबर्नच्या उत्तरेला, पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये झाला. लाकडाचा सांगाडा, त्यावर पांढरा पत्रा, सांध्यांत चिकट लगदा. ज्या कारागिरांनी मला घडवले त्यांचे मी उपकार मानायला हवेत. पण त्यांचे दुपारचे जेवण माझ्या कोऱ्या जमिनीवर बसून चाले. खिमा भरलेल्या गरम पेस्ट्रीतून रस्सा गळे, वरचा टोमॅटोचा सॉस ओघळे, आणि एकाने तर सॉसचे बोट माझ्या कपाटाला आतून पुसले. तो डाग घेऊनच मी विक्रीला उभी राहिले. कितीतरी गिऱ्हाइके येऊन गेली, पण तो कोणालाही दिसला नाही.

नेव्हिल ट्रँटरला दिसला. त्याने कपाटात डोके घातले, खिशातून स्वतःचा फडका काढला, डाग पुसला आणि फडक्याचा वास घेऊन म्हणाला, "सॉस." मग त्याने मला विकत घेतले. त्या क्षणी मला वाटले, आपला माणूस मिळाला.

नेव्हिल कोब्रम गावचा. मरे नदीकाठी पीच आणि नासपतीच्या बागांमध्ये ते गाव आहे. तिथल्या चीजच्या कारखान्यात तो स्वच्छता विभागाचा प्रमुख होता. पांढरे गमबूट, कोपरापर्यंत धुतलेले हात, आणि पोलादी टाक्यांमध्ये बॅटरी मारून दुधाचा एकेक थर शोधायचा. निवृत्तीनंतर त्याने त्या टाक्यांवरचा सगळा जीव माझ्यावर लावला. दर शनिवारी तो मला न्हाऊ घाली. शेजारी कुंपणावर कोपर टेकून म्हणत, "नेव्ह, तिच्यावर जेवण वाढलंस तरी चालेल!" मी आतून फुलून जाई.

त्याची बायको ग्लेनिस निराळ्याच मातीची होती. गावात तिचे केस कापायचे दुकान होते. लोकांच्या डोक्यातला कोंडा, पोरांच्या उवा, म्हाताऱ्यांच्या कानातले केस, कशाचेच तिला काही वाटत नसे. ती चिखलाच्या बुटांनी माझ्यात शिरे आणि नेव्हिल ओरडला की म्हणे, "घर आहे की ऑपरेशनची खोली?" मला ती तेव्हा फारशी आवडत नसे.

त्या देशात कॅरव्हॅनवाल्यांचा एक अलिखित नियम आहे. आतल्या संडासात फक्त एक नंबर, तोही अडलेनडले तर. दोन नंबरसाठी उठायचे, बूट घालायचे आणि कॅरव्हॅन पार्कच्या, म्हणजे कॅरव्हॅन मुक्कामाला उभ्या करायच्या मैदानाच्या, सार्वजनिक संडासापर्यंत चालत जायचे. कारण भांड्याखाली एक पेटी असते. ती भरली की बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची, ठरलेल्या खड्ड्यापाशी न्यायची आणि ओतायची. ते काम पुरुषांकडे असते, म्हणून नियमही पुरुषांनीच केलेला. नेव्हिल पाहुण्यांना फ्रिज दाखवायच्या आधी हा नियम ऐकवी. मला तो फार पसंत होता.

संध्याकाळी पाच वाजले की पार्कातली माणसे आपापली घडीची खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन गोल करून बसत. आणि मित्रांनो, एवढ्या सुंदर देशात, नदीकाठी, काकाकुव्यांचे थवे डोक्यावरून जात असताना, ही माणसे कशाबद्दल बोलत? पेटीबद्दल.

"तुमच्याकडं काय नियम?"

"फक्त एक नंबर," नेव्हिल बाटली उंचावून सांगे. "दोन नंबरवाल्याला पाय आहेत ना? चालायचं."

"शंभर टक्के!"

"नेव्हचं काय सांगता," ग्लेनिस म्हणे. "गटारावरून जाताना श्वास धरतो हा माणूस. कर्स्टन झाली तेव्हा एक लंगोट बदलला नाही यानं. एक म्हणजे एक नाही. पोरगी रडायला लागली की याला कारखान्यात टाकी तपासायची आठवण."

सगळे हसत. नेव्हिलही हसे. त्या हसण्यात मला काही वावगे दिसत नसे.

अशा छोट्या सहली होत राहिल्या. मोठा फेरा मात्र होईना. मोठा फेरा म्हणजे समुद्राच्या कडेकडेने अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घालून पुन्हा आपल्या फाटकात यायचे. तिथले प्रत्येक निवृत्त जोडपे त्याची स्वप्ने पाहते. ट्रँटरही पाहत. पण कधी नेव्हिलचा गुडघा आडवा येई, कधी छप्पर, कधी नुसतेच "पुढच्या वर्षी." मी अंगणात उभी राहून न्हात होते आणि चमकत होते.

मग ग्लेनिस आजारी पडली. शेपर्टनच्या डॉक्टरांनी तिच्या आतड्याचा तुकडा काढला. ती वाचली, पण त्यानंतर तिला धीर धरता येईना. संडासाची वेळ आली की आलीच. पुढच्या वर्षी दुखणे परतले, यकृतात, आणि डॉक्टर बरे होण्याविषयी बोलायचे थांबले. हे मला कळले ते माझ्याच बाकावर. कर्स्टन मेलबर्नला राहायची, शनिवारी आईला भेटायला यायची, आणि ग्लेनिस तिला घेऊन माझ्यात येऊन बसायची. घरात नेव्हिलचे कान असत.

"काय हवंय तुला, मम?" कर्स्टनने विचारले.

"मोठा फेरा."

"मम."

"थट्टा नाही करत. ही बया वर्षानुवर्षं नुसती न्हातेय. मला जायचंय."

"डॅडला विचारलंस?"

"विचारलं की तो पन्हळ साफ करायला शिडी लावतो. आमची पन्हळ आता गावात सगळ्यात स्वच्छ आहे."

कर्स्टन हसली आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिले नाही. ग्लेनिसने तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "टोकं फाटलीत. कापून देते थांब."

शेवटी नेव्हिल तयार झाला. माझे दार पुसता पुसता त्याने सांगितले. "ठीक आहे, ग्लेन. जाऊ. पण एक अट. नाही झेपलं की वळायचं. तिथल्या तिथं. वाद नको."

"कुणाला नाही झेपलं की?"

नेव्हिलने फडका पिळला. "तुला. आणखी कुणाला?"

"आणि तुझा नियम?"

"सगळीकडं संडासाच्या अगदी शेजारची जागा घेतलीय," नेव्हिल म्हणाला. "दहा पावलंसुद्धा चालावं लागणार नाही."

हे उत्तर होते, मित्रांनो. ग्लेनिसने ते ऐकले आणि मान हलवली. तिला जायचे होते. एकदा चुकले की घरी परत, हे तिला पक्के ठाऊक होते.

आम्ही मे महिन्यातल्या एका थंड सकाळी निघालो. नेव्हिलने जोडणीची खीळ पुन्हा पुन्हा तपासली. ग्लेनिस माझ्या मागे उभी राहून ओरडत होती, "डावा दिवा लागला! उजवा लागला! ब्रेक दाब... अरे दाब ना, झोपलास का?" शेजारी हात हलवायला रस्त्यावर आले. कर्स्टनने आईला मिठी मारली, जरा जास्त वेळ. मग फाटक मागे पडले. अर्ध्या तासात माझे पांढरे कपाळ मेलेल्या किड्यांनी माखले. रस्त्याच्या कडेला मेलेली कांगारू फुगून पडली होती. मोठ्या फेऱ्याची ही सुरुवात.

त्या देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फळे नेऊ देत नाहीत. फळांबरोबर माशी जाते आणि बागा सडवते. पहिल्याच हद्दीवर ग्लेनिसच्या झाडाची नासपती पिंपात टाकावी लागली. नेव्हिलचा जीव कळवळला. कारखान्यात त्याने दुधाचा थेंब वाया जाऊ दिला नव्हता. "पोटात गेली असती तर काय बिघडलं असतं," असे तो पुढे कितीतरी वेळ पुटपुटत होता.

पार्कातले दिवस ठीक चालले असे नेव्हिलला वाटत होते. ते ठीक नव्हते. जोडणीच्या लोखंडातून मला गाडीतले बोलणे ऐकू येते, आणि माझ्या पत्र्याला टेकलेल्या माणसाचा श्वासही. ग्लेनिस पहाटे झग्यावर कोट चढवून, काखेत कागदाची गुंडाळी घेऊन निघे, आणि ती दहा पावलेसुद्धा तिला कधी कधी पुरत नसत. मग ती माझ्यामागच्या नळावर कपडे धुई, गार पाण्यात, घाईघाईने, आणि टेकडीमागे सूर्य दिसला की आत येऊन म्हणे, "काय सुंदर सकाळ आहे, नेव्ह." ओले कपडे ती पिशवीत घालून माझ्या बाकाखाली कोंबून ठेवी. तो वास माझ्या लाकडात मुरू लागला. मला घृणा वाटत होती आणि मला ओरडता येत नव्हते.

पोर्ट ऑगस्टाला नेव्हिलने स्वस्तात मिळाली म्हणून मँडरिन संत्र्यांची पेटीच उचलली, वर द्राक्षे. पुढे नलारबोरचे माळरान लागते. एकही झाड नसलेले, वाऱ्याने झोडपलेले, दिवसच्या दिवस संपत नाही असे. त्या माळावरच पश्चिमेच्या राज्याची हद्द आहे आणि तिथे पुन्हा तेच पिंप. पेटी अर्धीसुद्धा संपली नव्हती.

"या वेळी नाही टाकणार," नेव्हिल म्हणाला. त्याने चौकीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. त्या देशात पुष्कळ लोक असेच करतात. टाकून द्यायला नको म्हणून हद्दीवर उभे राहून सगळे खाऊन टाकतात. दोघे माझ्या पायरीवर बसली. तो सोलत होता, ती खात होती, वारा सालपटे पळवत होता.

"अजून एक घे."

"पुरे रे."

"नाहीतर पिंपात जाईल, ग्लेन."

"माझ्या आतड्याला विचार आधी."

"संत्रं तर आहे! औषधासारखं."

रस कोपरापर्यंत ओघळला. माशा आल्या. माझी पायरी चिकट झाली. मी कातावले होते, पण ग्लेनिस हसत होती. निघाल्यापासून ती अशी हसली नव्हती. तिने एक फोड नेव्हिलच्या तोंडात कोंबली आणि बी त्याच्या हनुवटीवर चिकटले.

चौकीवरच्या अधिकाऱ्याने माझा फ्रिज उघडून पाहिला. "वा, फळं काहीच नाहीत!"

"आहेत की," ग्लेनिस म्हणाली. "पोटात आहेत."

तासाभराने घाट उतरून आम्ही सपाट रस्त्याला लागलो. मागे तीन डब्यांचा प्रचंड ट्रक होता.

"नेव्ह, थांब."

"मागं ट्रक आहे."

"नेव्ह."

"पुढं पेट्रोल पंप आहे, ग्लेन. तिथं संडास आहे, चांगला आहे, मी बघून ठेवलाय. थोडं धर."

"माझ्या धरण्यावर नाहीये ते."

"झालंच. आलंच बघ."

तो चालवत राहिला. माझ्या चाकांखालून रस्ता सरत राहिला. मग ग्लेनिस अगदी हळू म्हणाली, "आता थांबलास तरी चालेल, नाही थांबलास तरी चालेल."

त्याने थांबवले. ग्लेनिस सीटला धरून उतरली, माझी चिकट पायरी चढली आणि न्हाणीत गेली. ती जिथून गेली तिथे माझ्या जमिनीवर जे पडले त्याचे वर्णन मी करणार नाही. वास आला. माशा आल्या, त्या रिकाम्या माळावर कुठून येतात देव जाणे. नेव्हिल दारापर्यंत आला, त्याने आत पाहिले, वळला आणि माझ्या चाकावर ओकला. संत्री, द्राक्षे, सगळे. आतून घाण, बाहेरून घाण. मला वाटले, इथेच माझी चाके निखळावीत.

"आजच वळू," तो बाहेरूनच म्हणाला. वाऱ्यामुळे त्याला ओरडावे लागत होते. "चौकीजवळ मुक्काम करू, मग घर. ठरलं होतं आपलं."

"काय ठरलं होतं?"

"नाही झेपलं की वळायचं."

"मला झेपतंय," ग्लेनिस भांड्यावर बसून म्हणाली. न्हाणीचे दार उघडेच होते. "पोट दुखतंय, पँट गेली, पाय भरलेत, आणि मला झेपतंय. कुणाला नाही झेपत ते बोल."

नेव्हिलने बाहीने तोंड पुसले.

"बोल ना. मी रागावणार नाही."

"मला किळस येते, ग्लेन." मग घाईने, "तुझी नाही. त्याची."

"ते माझ्यातूनच येतं, नेव्ह." ती थांबली. तिला दम लागला होता. "आणि मला नाही येत? रोज येते. तुला निदान बाहेर जाऊन ओकता येतं. मी माझ्यातून उठून कुठं जाऊ?"

मग माझी पायरी वाजली. नेव्हिल आत आला. त्याने मनगटावरचे घड्याळ काढून शेगडीजवळ ठेवले, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि तसराळ्यात पाणी काढले. एका हाताने त्याने नाक दाबून धरले होते.

"जरा गरम कर ना," ग्लेनिस म्हणाली. "गारठलेय मी."

"आधी गार," तो नाकातून म्हणाला. "आधीच गरम टाकलं की ते भाजून बसतं, मग निघत नाही. दुधाचंही तसंच. गार, मग कोमट, मग साबण."

"मी काय टाकी आहे तुझ्या कारखान्याची?"

"टाकी असतीस तर आत उतरलो असतो शिडी लावून."

ती हसली, आणि हसताना घसरली, आणि तिला सावरायला त्याला नाक सोडावे लागले. मग त्याने ते पुन्हा धरले नाही. वरून खाली पुसत होता, पुसलेल्या जागी पुन्हा फडका नेत नव्हता, प्रत्येक वेळी नवा फडका. नवशिक्या कामगाराला शिकवावे तसा प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत होता. डोळ्यांतून पाणी गळत होते. ते वासाचे होते की कशाचे, मला सांगता येणार नाही. तिच्यानंतर त्याने माझी जमीन धुतली, मग गाडीची सीट, मग माझे चाक. बाकाखालची पिशवी त्याला तेव्हाच सापडली. त्याने ती उघडली, आत पाहिले, आणि काहीही न विचारता पुन्हा गार पाणी घेतले. मग तो गाडीत बसला आणि पश्चिमेकडे निघाला. ज्या बाजूने आम्ही चाललो होतो, त्याच बाजूने.

तुम्हाला वाटेल, तेव्हापासून माझी किळस गेली. छे. पडद्यांना आठवडाभर वास होता. नेव्हिल आता रोज सकाळी पेटी ओढून खड्ड्यापाशी नेई, परत आणून उन्हात उलटी टाके, आणि मी रोज सकाळी तितकीच शहारे. ग्लेनिस मात्र न्हाणीचे दार सताड उघडे टाकून भांड्यावर बसे, कारण समोरच्या खिडकीतून समुद्र दिसे. "असा देखावा राणीलासुद्धा नसेल," ती म्हणे. मला शरमेने कुठे तोंड लपवू असे होई.

एस्परन्सच्या पार्कात, पाचच्या खुर्च्या मांडल्यावर, शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या वॉरेनने नाक वर करून हुंगले. "कुणीतरी नियम मोडलाय वाटतं!"

हशा झाला.

"मी मोडलाय," नेव्हिल म्हणाला. "बायको आजारी आहे. पेटी मी रोज धुतो. तरी वास येत असेल तर खुर्ची तिकडं ने."

"अरे, मी गमतीनं म्हटलं."

"मीही गमतीनंच म्हणायचो. इतकी वर्षं."

वॉरेनची बायको म्हणाली, "वॉरेन, गप बस आणि त्याला बिअर दे." पण गोल हळूहळू विस्कटला. दुसऱ्या दिवशी दोन कॅरव्हॅन आपली जागा बदलून पलीकडे गेल्या. आणि मित्रांनो, त्यानंतर आम्ही रस्त्याकडेच्या मोकळ्या मुक्कामांवर जे पाहिले ते ऐका. झुडपाझुडपाला पांढरे कागद लटकलेले, दगडाआड घाण. ज्यांच्या गाड्या आरशासारख्या, त्यांनीच हे केलेले. आपल्या पेटीत पडू नये म्हणून साऱ्या रानाचा संडास करून ठेवला होता. त्यानंतर मला शिसारी येत राहिली, पण ती वासाची नव्हती.

आम्ही पश्चिम किनाऱ्याने वर वर गेलो. ग्लेनिस हलकी हलकी होत गेली. ब्रूमला, लाल मातीच्या आणि निळ्या पाण्याच्या त्या गावात, ती म्हणाली, "आता बस्स." वळायचे असे नव्हे. थांबायचे. रोज एक नर्स येऊन औषध देऊन जाई. कर्स्टन विमानाने आली.

कर्स्टन दुपारी माझ्या दारात उभी राहिली. आत उकाडा होता, आणि आत काय वास असणार ते तुम्हाला आता ठाऊक आहे. तिचा हात आपोआप नाकाकडे गेला. मग तिने तो खाली ओढला, जणू कोणीतरी फटका मारला असावा. पलंगावरून ग्लेनिसने पाहिले होते.

"धर नाक, पोरी. लाजू नकोस."

"सॉरी, मम."

"अगं, तुझा बाप पण धरायचा. मग कामाला दोन्ही हात लागले, म्हणून सोडावं लागलं. तेवढंच. दुसरं काही मोठं झालेलं नाही त्याच्यात."

"ऐकू येतंय मला," नेव्हिल शेगडीपाशी म्हणाला.

"म्हणून तर बोलतेय."

"दे, मी करते आता," कर्स्टन तसराळ्याला हात घालत म्हणाली.

"माझं काम आहे ते," नेव्हिल म्हणाला. मग थोड्या वेळाने सरकून त्याने जागा केली. "बरं. तू त्या बाजूनं धर. वरून खाली."

ग्लेनिस काही दिवसांनी गेली. दार उघडे होते, दुपार होती, दोघे जवळ होती आणि ती स्वच्छ होती. याहून जास्त मी सांगणार नाही.

ब्रूममध्येच तिला निरोप दिल्यावर कर्स्टनने नकाशा माझ्या टेबलावर पसरला. "पर्थवरून मागं गेलो तर ओळखीचा रस्ता आहे, डॅड. वळू या का?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. "वळायला नको. तिचा फेरा आहे."

मग ती दोघे वरच्या अंगाने निघाली. कर्स्टन चालवत होती. मला मागे घेताना ती दर मुक्कामावर भलतीकडेच वळवी, एकदा तर पिंपावर घातले, आणि नेव्हिल मागे उभा राहून ओरडे, "तुझी आई होती तेव्हा मी ऐकायचो तरी! तू तेही करत नाहीस!" तापलेला उत्तरेचा रस्ता, गुरांचे माळ, पूर्वेचा किनारा, सगळे करून आम्ही कोब्रमच्या फाटकात आलो. फेरा पूर्ण झाला. हात हलवायला कोणी नव्हते.

त्यानंतर नेव्हिलने मला अंगणात उभे केले आणि पुन्हा कधी धुतले नाही. मला आधी वाटले, विसरला. विसरला नव्हता. तो कधी कधी यायचा, दाराला हात लावायचा आणि परत जायचा. माझ्यावर पक्ष्यांनी रांगोळ्या काढल्या. कोळी आले. एका वर्षी त्या मुलखात उंदरांचा सुळसुळाट झाला आणि त्यांनी माझी गादी कुरतडून तिच्यात पिल्ले घातली. पिल्ले मरून तिथेच वाळली. मी एके काळी जिच्यावर जेवण वाढता येईल अशी होते, हे लक्षात घ्या.

गेल्या हिवाळ्यात नेव्हिलही गेला. त्याच्या शेवटच्या महिन्यात कर्स्टन घरीच होती. तिला दोन्ही हात लागले.

काल तिने माझे दार उघडले. कडी दोनदा ओढावी लागली. आतला वास तिच्या तोंडावर आला. लेंड्या, मुतकट गादी, वाळलेले ते सारे. ती जोरात "शी!" म्हणाली. अंगण पार घुमले. मग तिने बाह्या वर केल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कधी एखादी वस्तू कुजेल, कधी एखादे माणूस आजारी पडेल. तेव्हा तुम्हाला किळस आली तर स्वतःला वाईट समजू नका. ती मला अजून येते, आत्ता हे सांगतानाही येते आहे. पण दारातून मागे फिरू नका. "शी" म्हणायला माझी हरकत नाही. म्हणा, मोठ्याने म्हणा, आणि म्हणून झाले की आत या.